सुनंदाबाईंच्या दारातला पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जेवायला बसतात तो लाकडी पाट नव्हे, पाण्याचा पाट. आजकाल हे फोड करून सांगावे लागते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाणी नळातून, टँकरमधून आणि बाटलीतून येताना पाहिले आहे. नदीतून निघून शेतापर्यंत उघड्यावर चालत आलेले पाणी तुम्ही पाहिलेले नाही. ते काम माझे होते. आता माझ्या काठावर एक गुळगुळीत फलक उभा आहे आणि त्यावर माझे भरपूर कौतुक लिहिले आहे. तो फलक वाचून तुमचा समज होईल की माझे फार छान चालले आहे. म्हणून म्हटले, आपली हकीकत आपणच सांगावी.

धुळ्यापासून एसटीने तासाभराच्या वाटेवर, पांझरा नदीच्या काठी, देवखेडे नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला नदीत एक दगडी बंधारा आहे. त्या बंधाऱ्यापासून मी निघतो, म्हणजे निघत होतो. मला कोणी खोदले ते मला ठाऊक नाही. स्वतःच्या जन्माच्या वेळचे कोणाला आठवते? एवढे मात्र ऐकून आहे की त्या वेळी कुदळी खूप होत्या, माणसे खूप होती आणि कोणीही भाषण केले नव्हते. माझ्या दोन्ही बाजूंना काळे दगड एकमेकांच्या आधाराने बसवले. तळाला मातीच ठेवली, म्हणजे वाटेत थोडे पाणी जमिनीत मुरावे आणि काठच्या विहिरींनाही त्यांचा वाटा मिळावा.

माझ्या पाण्याखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडलेले होते. अशा एका भागाला फड म्हणत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस, त्या फडात गहू तर सगळ्यांचा गहू. पाऊस कमी झाला की सगळे मिळून एक फड पडीक ठेवीत आणि उरलेल्यांना पाणी देत. भांडणे होत नव्हती असे मी म्हणणार नाही. चांगली कडाक्याची होत. पण भांडणारे दोघेही माझ्या काठावर उभे राहून भांडत, आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने दार उघडले की दोघांच्याही शेतात पाणी जाई.

माझ्या बाबतीत एक नियम मात्र कोणीही मोडत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीबाळी सासरी परतल्या की गावातले लोक फावडी घेऊन माझ्यात उतरत. ज्याच्या शेतापुढून मी जात असेन, तेवढा माझा तुकडा त्याच्या वाट्याचा. त्यातला गाळ त्याने काढायचा, हललेला दगड त्याने बसवायचा. ज्याचा तुकडा घाण राही, त्याच्या घरी सोयरीक घेऊन येणारेसुद्धा दोनदा विचार करीत. आपल्या दारापुढचा पाट म्हणजे आपली अब्रू, असेच लोकांना वाटत होते. त्या अब्रूच्या जिवावर मी एवढी वर्षे वाहिलो. मला वाटले हे असेच चालणार. मी पाट आहे, मला अक्कल ती किती असणार?

मग वरच्या बाजूला धरण झाले, शेतात बोअर झाल्या आणि देवखेडे वाढू लागले. रस्त्यालगतचा पहिला फड हितेंद्र सरांच्या वडिलांनी प्लॉट पाडून विकला. हितेंद्र सरांचे नाव ध्यानात ठेवा, ते पुढे येणार आहेत. एकाने विकल्यावर बाकीचे कशाला थांबतील? जिथे ऊस होता तिथे घरे झाली. त्या वस्तीला लोक फडगल्ली म्हणू लागले. फड गेला आणि गल्लीच्या नावापुरता उरला. माझे पाणी बंद झाले. पाणी बंद झाले तरी माझी जागा रिकामी होती आणि रिकामी जागा माणसांना बघवत नाही. आधी मोरीचे पाणी आले. मग घरांची उरलीसुरली रेती आली, फुटक्या बादल्या आल्या, गणपतीच्या सजावटीचा थर्माकोल आला. ज्यांच्या आजोबांनी माझ्यातला गाळ काढला, त्यांची नातवंडे कुरकुऱ्यांची पाकिटे माझ्यात टाकून शाळेत जाऊ लागली.

एका घराने तेवढा नियम सोडला नाही. ते घर सुनंदाबाईंचे.

सुनंदाबाईंचे घर फडगल्लीच्या सगळ्यात वरच्या टोकाला, बाकीच्या घरांपासून जरा बाजूला आहे. मध्ये कोणाकोणाचे तारेचे कुंपण घातलेले रिकामे प्लॉट आहेत. रस्ता माझ्या अलीकडे आणि घर पलीकडे. माझ्यावर टाकलेल्या एका दगडी फरशीवरून त्यांच्या घरात जायचे, दुसरी वाट नाही. त्यांचे यजमान प्रेमराज आबा. एके काळी इथे त्यांचे छोटेसे शेत होते. आता शेतापैकी घराखालची जागा तेवढी राहिली होती. तरी आखाजी झाली की सुनंदाबाई लुगडे खोचून फावडे घेऊन माझ्यात उतरत आणि आपला तुकडा लख्ख करीत.

खाली गल्लीत राहणाऱ्या कमलबाई एकदा काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "काय व सुनंदाबाई, तुले पगार भेटस का याना?"

सुनंदाबाईंनी घमेले काठावर ठेवले. "शेत गयं, पन पाट ते आमना दारना मोरे शे ना. मंग गाळ कोन काढी?"

"पानी ते येत नही त्यामा."

"नही येत ते नही येत. आमना वाटाना तुकडा शे."

कमलबाई हसल्या आणि जाताना हातातली भाजीची देठे माझ्यात टाकून गेल्या. बाई मनाने वाईट नव्हती. तिला मी गटार दिसत होतो, एवढेच. आणि तिच्या दारात मी खरोखरच गटार होतो.

पुढे प्रेमराज आबांची मूत्रपिंडे काम देईनाशी झाली. आठवड्यातून दोनदा त्यांना धुळ्याला नेऊन रक्त मशीनवर शुद्ध करून आणावे लागे. मोतीलाल नावाचा रिक्षावाला गल्लीतलाच होता. तो रस्त्यावर रिक्षा उभी करी. मग तो आणि सुनंदाबाई आबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्हीकडून धरून, फरशीवरून रस्त्यावर आणीत. फरशी अरुंद होती. एकाने पुढे चालायचे, एकाने मागे, आणि आबांनी डोळे मिटून घ्यायचे. एके काळी पोत्यांची थप्पी एकट्याने लावणारा तो माणूस होता. लोक बघतात म्हणून त्यांना फार लाज वाटे. सुनंदाबाईंच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट होती. दारापर्यंत गाडी यायला हवी.

मित्रांनो, याच सुमारास माझ्यावरून भांडण सुरू झाले. फडगल्लीतल्या लोकांना डासांचा आणि वासाचा वीट आला होता. पावसाळ्यात घराघरात ताप. त्यांचे नगरसेवक नवीनभाऊ म्हणाले, पाटावर स्लॅब टाकू, वरून रस्ता करू. स्लॅबच्या कडेने टपऱ्यांसाठी जागा निघेल, हे ते मोठ्याने म्हणाले नाहीत. दुसऱ्या बाजूला धुळ्याच्या देवपुरातले काही शिकलेले लोक होते. त्यांनी पांझरा वारसा मंडळ काढले होते. त्यांचे म्हणणे, असा पाट पुन्हा होणे नाही, याचा एक दगडही हलता कामा नये. या मंडळाचे अध्यक्ष आमचे हितेंद्र सर. कॉलेजात शिकवत होते. लहानपणी माझ्यात डुंबलेले. माझ्याबद्दल ते तासन्तास बोलत आणि ते सोंग नव्हते. वडिलांनी फड विकला याचे त्यांना मनातून वाईट वाटत असावे. पण ते वाईट वाटणे त्यांनी फडगल्लीच्या लोकांकडून वसूल करायला नको होते.

एकीकडे 'पाट वाचवा'चे फलक, दुसरीकडे 'रस्ता द्या'च्या घोषणा. मंडळाच्या लोकांनी हातात हात घालून माझ्या काठाने साखळी केली, फोटो काढले. गल्लीतल्या लोकांनी नगरपंचायतीपुढे कचऱ्याचे घमेले नेऊन ओतले, त्याचेही फोटो निघाले. वाचवणारे आणि बुजवणारे असे मी कितीतरी दिवस बघत होतो. त्यांच्यापैकी एकाच्याही पायाला माझा चिखल लागलेला नव्हता. माझ्यात पाणी पुन्हा कसे येईल, हे दोन्हीकडच्या एकानेही विचारले नाही. मला फार राग आला होता. पण पाटाच्या रागाला कोण भीक घालतो?

शेवटी ठरले की नगरपंचायतीचे साहेब, नवीनभाऊ आणि हितेंद्र सर अशी समिती येऊन सगळा पाट बघेल. स्लॅब कुठे टाकायचा ते जागेवरच ठरवायचे. नवीनभाऊ आदल्या दिवशी सुनंदाबाईंना सांगून गेले, "अक्का, तुम्ही काळजी करू नका. पहिला स्लॅब तुमना दारवर पडी."

आता पुढचे नीट ऐका. समिती यायची म्हणून त्या दिवशी पहाटेच सुनंदाबाई माझ्यात उतरल्या. गाळ काढला, गवत उपटले, खराट्याने एकेक दगड घासून धुतला. काठावर सडा घातला, फरशीजवळ रांगोळी काढली. ओट्यावर खुर्चीत बसलेले आबा बघत होते. ते म्हणाले, "आज कोनी पाव्हना येनार शेतस का?"

"पाव्हनाच शेतस. घान देखीसन नाक दाबतीन नि निंघी जातीन. दार चांगलं दिखनं ते बठतीन, दोन सबद आयकतीन."

आमच्याकडची बाई दुसरे काय करणार? मोठी माणसे दारात येणार तर दार स्वच्छ हवे. आपण आब राखला तर समोरचाही आपले काम आधी करील, हे तिला लहानपणापासून शिकवलेले होते. मीसुद्धा त्या दिवशी खूश होतो. कितीतरी दिवसांनी माझे सगळे दगड उन्हात आले होते.

समिती खालून वर आली. कमलबाईंच्या दारात साहेबांनी रुमाल नाकाला लावला. हितेंद्र सरांनी खाली वाकून बघितले आणि मान हलवली. "इथे काही उरलेलंच नाही. इथे स्लॅब टाकायला मंडळाची हरकत नाही." असे दारोदार झाले. मग ते सगळे सुनंदाबाईंच्या दारात आले आणि थबकले. हितेंद्र सर काठावर गुडघे टेकून बसले. माझ्या दगडांवरून त्यांनी हात फिरवला.

"दगड न् दगड जागेवर आहे," ते म्हणाले. "हे कोण बघतं, अक्का?"

"मीच. आमना वाटाना तुकडा शे," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी चहाचा ट्रे पुढे केला आणि साठवून ठेवलेले दोन शब्द सांगितले. "सर, घरमा आजारी मानूस शे. हप्तामा दोनदा धुयाले दवाखानामा लई जानं पडस. दारलगून गाडी येवाले पाहिजे."

"बघू ना, नक्की बघू. पण तुम्ही हे जे जपलंय ते सोन्यासारखं आहे."

सुनंदाबाईंना ते ऐकून बरे वाटले. सरांनी कौतुक केले म्हणजे काम झाले, असे त्या रात्रीच्या भाकरी थापताना आबांना सांगत होत्या.

थोड्याच दिवसांत तडजोड झाली. दोन्ही बाजूंना आनंद झाला, पेढे वाटले गेले. फडगल्लीतला सगळा पाट स्लॅबखाली जाणार आणि नमुना म्हणून एक तुकडा कायमचा उघडा ठेवणार. तो तुकडा कोणता हे सांगायला नवीनभाऊ आले तेव्हा ओट्यावर बसलेच नाहीत. फरशीच्या अलीकडूनच म्हणाले, "कोर्टकचेरी नको म्हनीसन आम्ही एक तुकडा सोडी दिना, अक्का. तो नेमका तुमना निंघना."

काम सुरू झाले त्या दिवशी सुनंदाबाई हितेंद्र सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सर, मी झाडी काढं म्हनीसन तो असा दिखी राहिना. नहीतर तोबी बाकीनासारखाच व्हता."

"म्हणूनच तर, अक्का. तुमच्यामुळेच एवढा तरी वाचला."

"मंग गाडी?"

"आपण पूल करतोय ना. छान लाकडी, कमानीचा."

"पूलवर गाडी चढी का?"

"गाडी नको. गाडीच्या हादऱ्याने दगड हलतात."

जुनी फरशी नंतर टाकलेली आहे, मूळची नाही, म्हणून ती काढून टाकली. पूल झाला, पण तो दारासमोर नाही, जरा पुढे, जिथून फोटो चांगला येतो तिथे. त्याला दोन्हीकडे पायऱ्या. माझ्या दोन्ही टोकांना सिमेंटच्या भिंती घातल्या, काठाने लोखंडी कठडे बसवले आणि तो फलक लावला. खाली गल्लीत गुळगुळीत रस्ता झाला. कमलबाईंच्या दारात आता त्यांच्या जावयाची गाडी उभी राहू लागली. एक दिवस त्या पुलावरून सुनंदाबाईंकडे आल्या आणि ओट्यावर बसल्या. उठताना म्हणाल्या, "मी ते कधी पाटमा उतरनू नही. माले रस्ता भेटना. तुनं पाहीसन माले जेवन गोड लागत नही व." मग सुनंदाबाईंनीच त्यांची समजूत घातली.

आबांनी बायकोला बोल लावला नाही. एकदाच विचारले, "कसाले कयं वं तू साफ?" सुनंदाबाई आबांच्या गोळ्या काढत होत्या, त्या तशाच काढत राहिल्या.

आता खुर्ची घेऊन पुलाच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या आणि मग रस्त्यापर्यंत चालायचे. मोतीलाल बिचारा घामाने भिजून जाई, पण कधी नाही म्हणाला नाही. पावसाळा आला तसे हाल वाढले. स्लॅबखालचा माझा भाग आधीच कचऱ्याने भरलेला होता, तो तसाच झाकून टाकला होता. खाली वाट नाही म्हटल्यावर वरून वाहून आलेले पावसाचे पाणी माझ्या उघड्या तुकड्यात तुंबले. भिंतींवरून चढून ते काठावर आले, सुनंदाबाईंच्या ओट्याला लागले. पुलाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले. मोतीलाल रस्त्यावर रिक्षा उभी करून पाण्यातून दोनदा यायला निघाला आणि दोन्ही वेळा कठड्यापाशी कमरेइतक्या पाण्यात अडकून परत फिरला. आबांची धुळ्याची पाळी चुकली. पाणी ओसरेना, पुढचीही चुकली. त्यांचे अंग सुजले, श्वास लागला. मोतीलालने लोकांना हाका मारून खाट आणवली, तेवढ्यात घरातून सुनंदाबाईंचा हंबरडा ऐकू आला. मग खाटेची घाई उरली नाही.

कोणी म्हणेल कोणाची चूक? कोणाचीच नाही. सगळी कामे ठरावाप्रमाणे झाली होती. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात पाणी असल्याची किळस आली. ज्या पाण्यासाठी मी इतकी वर्षे तळमळलो, ते आले आणि एका माणसाचा जीव घेऊन गेले.

थंडीत मंडळाने माझ्या तुकड्याजवळ कार्यक्रम ठेवला. टँकर आणून माझ्यात स्वच्छ पाणी भरले. शाळेतली मुले आणली. तुमच्यासारखीच मुले होती ती, गोड होती, त्यांना मी काही दोष देत नाही. हितेंद्र सर शाल आणि नारळ घेऊन पूल ओलांडून सुनंदाबाईंकडे गेले. पाट जपणारी स्त्री म्हणून त्यांचा सत्कार करायचा होता.

सुनंदाबाई दारातच उभ्या होत्या. कपाळ मोकळे होते. त्या म्हणाल्या, "शाल ऱ्हाऊ द्या, सर. त्या दिनले खाट धराले चार मानसं धाडता ते बरं व्हतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शाल ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवून ते परत गेले आणि त्या दिवशी त्यांनी भाषण केले नाही. पुढे त्यांनी जुनी फरशी पुन्हा टाकावी म्हणून नगरपंचायतीत बऱ्याच खेपा घातल्या असे ऐकतो. आता तडजोड झाली, आता काही बदलता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी तुम्हाला काहीतरी विनवायचे असते. 'मला जपा' असे मी म्हणायला हवे. पण ते आता माझ्या जिभेवर येत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कोणी गावाला रस्ता द्याल, कोणी जुने दगड वाचवाल. दोन्ही करा, दोन्हीची गरज आहे. फक्त कोणत्याही काठावर गेलात तर तिथे राहणाऱ्या माणसाच्या हातचा चहा पिऊन, त्याचे दोन शब्द कानाआड टाकून येऊ नका. आणि ज्याने आपल्या वाट्याचे काम इमानाने केले, त्याच्याच दारात शिक्षा नेऊन ठेवू नका. एवढे केलेत तर माझ्यासारखे पाट आपोआप राहतील. एवढे नाही केलेत तर आम्हाला खुशाल बुजवून टाका.

यंदाची आखाजी झाली. लेकी सासरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबाई घमेले घेऊन बाहेर आल्या आणि कठड्यापाशी उभ्या राहिल्या. मला वाटले, आता खाली उतरतील. त्यांनी कठड्यावरून हात पुढे करून घमेले माझ्यात उपडे केले. कांद्याची साले, केर, राख आणि आबांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे त्यांनीच एके काळी घासलेल्या माझ्या दगडांवर पडली. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या आत गेल्या. मी त्यांच्यावर रागावलो नाही. रागवायला मला तोंड कुठे होते?